रीम आणि रिम

आमची छपाईची प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, तालीम मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या, निवडणूक लागली की पत्रकं. या धंद्यात एकोणीस वर्षं काढल्यावर 'रीम' हा शब्द कानावर पडला की मला पाचशे कागदांचा गठ्ठाच दिसतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे काही हसं झालं त्याची सुरुवात या शब्दापासून आहे.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं आणि कोल्हापुरात घरोघरची पोरं एक डोळा मिटून बघायला लागली. आमच्या लेकीनंही मिटला. आठवड्याच्या आत तिला एका रायफल क्लबात घातलं, वर्षाची फी एकदम भरली (एकदम भरली की सवलत होती), आणि दिवाळीनंतर तिला साक्षात्कार झाला की आपलं बारावीचं वर्ष आहे. फी परत मिळत नव्हती. घरातलं दुसरं कुणी आलं तर चालेल, असं ऑफिसातल्या मुलानं सांगितलं. नवऱ्याला चष्मा आणि कंटाळा दोन्ही आहेत. सासूबाई पंचाहत्तरीच्या. राहिले मी. कोल्हापूरच्या नेमबाजीची परंपरा मोठी आहे हे खरंच, पण मी तिच्यात शिरले ती भरलेली फी वाया जाऊ नये म्हणून.

रायफल नको म्हटलं. तो जाड कॅनव्हासचा कोट, ते पालथं पडणं. पडेन मी, पण उठवायला कोण येणार? त्यापेक्षा पिस्तूल बरं. शिवाय राही सरनोबत आपल्याच गावची. २०१८ च्या एशियाडला पालेमबांगात २५ मीटर पिस्तूलमध्ये तिनं सोनं घेतलं, तेव्हा थायलंडच्या मुलीशी बरोबरी होऊन दोनदा शूट-ऑफ झाला होता. एशियाडमध्ये वैयक्तिक सोनं घेणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. तो सामना मी प्रेसमध्ये मोबाइलवर बघितला होता आणि त्या नादात एका पत्रिकेवर मुहूर्ताची वेळ चुकीची गेली होती. तर पिस्तूल. पहिले आठ महिने एअर पिस्तूल चालवलं, त्यात छर्रे असतात, आवाज फुसका असतो आणि चुका कागदाबाहेर जातात. आठ महिन्यांनी क्लबातले सर म्हणाले, "ताई, आता पॉइंट टू-टू बघू." मला वाटलं प्रगती झाली. नंतर कळलं, एअरच्या लेनवर नव्या पोरांची गर्दी झाली होती.

जुलैचा पहिला आठवडा होता, पाऊस कोसळत होता. सरांनी लोखंडी कपाट उघडलं, वहीत माझं नाव लिहिलं, पन्नासातल्या वीस गोळ्या मोजून दिल्या आणि सांगितलं की वीस पुंगळ्या मोजून परत यायला पाहिजेत. लग्नात आचारी भांडी मोजून देतो आणि मोजून घेतो, अगदी तसं. पिस्तूल क्लबचं, गोळ्या क्लबच्या कपाटातल्या (डबी आपण निवडायची, पैसे आपण भरायचे; मी स्वस्त निवडली), परवाना क्लबचा. घरी काहीही न्यायचं नाही. डबीवर लिहिलं होतं '.२२ लाँग रायफल'. मी डबी परत केली. म्हटलं, "सर, हे रायफलवाल्यांचं आलं." सर काही बोलले नाहीत, डबी पुन्हा माझ्या हातात ठेवली. गोळीचं नावच ते आहे, पिस्तुलात घाला नाहीतर रायफलीत.

मग शब्दार्थ झाले. हे पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे अर्धस्वयंचलित. चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण त्यानंतरची कामं, रिकामी पुंगळी बाहेर फेकणं, पुढची गोळी मॅगझिनमधून उचलून घरात, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, बसवणं, घोडा पुन्हा ताणून ठेवणं, ही सगळी पिस्तूल आपलं आपण करतं. अर्धं काम यंत्राचं, अर्धं माझं. बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे, हे पुढचे पाच महिने मी शोधत होते.

पहिल्या दोन गोळ्या सुटल्या. आवाजानं नव्हे, पण कपाळावर तापलेली पुंगळी उडाली तेव्हा किंचाळले. ती उचलून बघितली तर तिच्या बुडावर टोच्याची, म्हणजे फायरिंग पिनची, खूण मधोमध नव्हती, अगदी कडेला होती. सिनेमात, फोटोत काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी एक गोल टिकली असते, टोच्या तिथं बसतो. इथं टिकलीच नव्हती. मी अत्यंत काळजीनं सरांना विचारलं, "पिस्तुलाचाच नेम चुकतोय का?" सर म्हणाले, "ताई, हे रिमफायर आहे." आणि मी दचकून मागं वळून म्हणाले, "कुठं पेटली?" बाकावर बसलेली पोरं इतकी हसली की एकाच्या कानावरचा मफ खाली पडला.

रिम म्हणजे कड. रिमफायरचं मी माझ्यापुरतं भाषांतर केलंय 'कडपेटी'. या गोळीच्या पितळी पुंगळीचं बूड कडेला दुमडलेलं असतं, साडीच्या काठासारखं, आणि ती दुमड आतून पोकळ असते. कारखान्यात पुंगळीत ओल्या स्फोटक लेपाचा एक थेंब टाकतात आणि पुंगळी गरगर फिरवतात, की तो लेप कडेच्या दुमडीत जाऊन बसतो. मग वाळवतात, वर चिमूटभर दारू, वर शिशाची गोळी. टोच्या ती कड चिमटतो आणि आतला लेप पेटतो. आता गंमत अशी, की तव्यावर आंबोळी पसरताना एखादी जागा कोरडी राहते ना, तसं कुठल्याशा पुंगळीच्या कडेला लेप पोचायचा राहून जातो. टोच्या नेमका तिथं बसला तर नुसतं 'टिक'. मला आंबोळीशिवाय हे कळलं नसतं, हे कबूल करते. सरांनी मात्र तोंड फिरवलं.

तिसऱ्या गोळीला पिस्तूल अडकलं. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभीच्या उभी राहिली, तोंड वर करून. पोरं म्हणाली "स्टोव्हपाइप!", म्हणजे चुलीचं नळकांडं. मला ते गुऱ्हाळाच्या धुराड्यासारखं दिसलं, म्हणून मी त्याला धुराडंच म्हणते. इतकं मजेशीर दिसत होतं, की ते सरांना दाखवायला मी पिस्तूल हातात घेऊनच मागं वळले. त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते. सगळी रेंज जमिनीवर वाकली, सर आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, पिस्तूल काढून घेतलं गेलं आणि अर्धा तास मला बाकावर बसवलं, शाळेतल्यासारखं. नळी कायम लक्ष्याकडं. पिस्तूल चालू असो, बंद असो, अडकलेलं असो. अडकलेल्या पिस्तुलात बहुतेक वेळा भरलेली गोळीही असते, हे मला बाकावर बसल्यावर कळलं.

पुढच्या काही आठवड्यांत माझ्या वहीत अडथळ्यांचे प्रकार साचत गेले. 'टिक' झालं तर लगेच उघडायचं नाही, नळी समोर धरून तीस सेकंद थांबायचं, कारण एखादी गोळी उशिरा पेटू शकते. मी मोठ्यानं मोजायचे, शेजारची पोरगी माझ्या लयीत चुकायची. मग सर ती गोळी काढत, थोडी फिरवून पुन्हा घरात ठेवत, आणि तीच गोळी बऱ्याचदा सुटायची! लेप असलेली बाजू टोच्याखाली आली म्हणून. टिकलीवाल्या काडतुसात असं फिरवून उपयोग नसतो, टोच्या बसायचा तिथंच बसतो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, कानावर मफ असल्यामुळे त्या मलाच ऐकू आल्या नाहीत.

दुसरा प्रकार भीतीचा. एकदा 'ठॅप' ऐवजी 'फुस्स' असा आवाज आला. पुंगळी पडली, मी पुढची गोळी घरात ढकलायला बोल्ट (मागं-पुढं सरकणारा लोखंडी ठोकळा) ओढणार, तेवढ्यात सर ओरडले, "हात काढा!" दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकून राहते. मागून दुसरी मारली तर नळी फुगते, माणसालाही इजा होते. सरांनी सळई घालून बघितली, नळी मोकळी होती, गोळी समोरच्या मातीत कुठंतरी दमून पडली होती. आवाज बदलला की थांबायचं. त्या दिवशी मी पहिल्यांदा घरी जाऊन काही सांगितलं नाही.

इथं प्रश्न पडला की हे सगळं मलाच का होतंय? शेजारच्या लेनवर रायफलची पोरं त्याच डब्यातल्या गोळ्या मारत होती आणि एकाचंही काही अडकत नव्हतं. एक तर म्हणालाच, "काकू, गोळीत काय नाही, आमच्यात चालतीय की." ते खोटं नव्हतं. त्यांची रायफल हातानं चालते. एक गोळी हातानं भरायची, मारायची, बोल्ट हातानं ओढून पुंगळी काढायची. तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत पालथं पडून ६०० पैकी ५९७ मारले, भारताची पहिली महिला विश्वविजेती नेमबाज झाली, तेही अशाच एकेक भरायच्या रायफलीनं. तिथं गोळीला काम एकच, सरळ जायचं. स्वस्त गोळीनं नेम फाकेल, पण बोट हलतंय तोवर रायफल चालेल. हे त्या पोराला उत्तर म्हणून सांगायला मला तीन आठवडे उशीर झाला, तोवर तो राज्य स्पर्धेला निघून गेला होता.

पिस्तुलाचं कोडं सोडवलं ते आमच्या मशीनमन मामांनी. मामांनी जन्मात बंदूक हातात धरलेली नाही, पण गेली तीस वर्षं ऑफसेट मशीनचा फीडर त्यांच्याशी बोलतो. मी सांगितलं की यात बोल्टला कुलूप नसतं. पोरं त्याला ब्लोबॅक म्हणतात, मी 'मागफुंकर' म्हणते. दारू पेटली की जोर जसा गोळीला पुढं ढकलतो तसा पुंगळीला मागं ढकलतो. पुंगळी बोल्टला ढकलते. बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढाच काय तो अडसर. बोल्ट पूर्ण मागं गेला की पुंगळी फेकली जाते, येताना तो पुढची गोळी उचलतो. मामा चहा फुंकत म्हणाले, "वैनी, मग हितं कागदच मशीन चालवतोय म्हणायचा की. आपल्यात मोटार हाय, म्हणून वंगाळ कागुद बी वडून घेती. तुमच्यात मोटारच न्हाई." एका वाक्यात संपवलं. त्या चिमूटभर दारूला दोन नोकऱ्या आहेत. एक गोळी पोचवायची आणि दुसरी, पुढच्या गोळीसाठी यंत्र हलवून ठेवायचं. स्वस्त गोळी पहिली नोकरी कशीबशी करते, दुसरीला दांडी मारते. क्लबात पंधरा वर्षं काढलेल्या सरांना हे सांगायला गेले तर ते म्हणाले, "हो ना, पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी."

मग एका पोरानं अक्कल दिली की जोरच कमी पडतोय तर हाय-व्हेलॉसिटी घ्या. मला पटलं. मी सरांकडं वेगवान गोळीची मागणी केली, हॉटेलात जादा रस्सा मागावा तशी. सरांनी बसवून सांगितलं. साध्या गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३३० मीटर, आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली. हाय-व्हेलॉसिटीचा ३८० च्या आसपास. स्पर्धेच्या पिस्तुलाची स्प्रिंग आणि बोल्टचं वजन साध्या वेगाला बेतलेलं. जास्त जोराची गोळी घातली तर बोल्ट मागं जाऊन आदळत राहतो, रोज थोडं थोडं पिस्तूल मोडतं. दुखणं जोर कमी असण्याचं नाहीच, दुखणं आहे ते एक गोळी अशी, एक तशी असण्याचं. एकाच डबीत एक पहिलवान, एक आजारी.  मी रस्सा परत केला.

एक संशय मात्र मनातून जाईना, आणि तो गोळीवर नव्हता. ब्लोबॅकचा धक्का बोल्ट मागं जाण्यात खर्च व्हायला पाहिजे, आणि त्यासाठी पिस्तूल जागच्या जागी धरलेलं पाहिजे. मनगटच ढिलं असलं तर बोल्टबरोबर सगळं पिस्तूलही मागं जातं, धक्का हातातच जिरतो, आणि बोल्ट अर्ध्यातून परततो. सर म्हणाले, "एवढ्या जड पिस्तुलात मनगटानं फारसा फरक पडू नये. पण ताई, तुमचं मनगट..." आणि वाक्य सोडून दिलं.

म्हणून मी प्रयोग केला. धंद्याची सवय, वही घातली. एक स्वस्त डबी, एक महाग डबी, दोन्ही पन्नासच्या, पिस्तूल तेच, मॅगझिन तीच, मधे साफसफाई नाही. स्वस्त पन्नासात माझे सहा अडथळे: दोन टिक, चार धुराडी. मग त्याच लॉटची दुसरी डबी सरांनी मारली. दोन अडथळे, दोन्ही टिक, धुराडं एकही नाही. मग महाग डबी माझ्या हातात. अडथळा एक. पन्नास गोळ्यांवरून फैसला करू नये, निदान दोनशे तरी मारून बघाव्यात, असं सरांनी बजावलं. दोनशेचे पैसे माझ्याकडं नव्हते. तरी वही उघडून आम्ही दोघं बसलो. टिक तर गोळीचाच दोष, मनगट कसलंही असो, पोरगं असो की पहिलवान. धुराडं मात्र भागीत होतं. चांगलं मनगट कमकुवत गोळी सांभाळून घेतं, चांगली गोळी कमकुवत मनगट सांभाळून घेते, दोघंही कमकुवत असले की धुराडं. आणि महाग डबीतला तो एक अडथळा? मॅगझिन मी उलटसुलट भरली होती. कड असलेली गोळी एकावर एक ठेवताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढं पाहिजे. मागं राहिली तर कडेत कड अडकते, बोल्ट ढकलतो आणि दोन्ही गोळ्या एकमेकींना धरून बसतात. भांडणाऱ्या जावांसारख्या.

ही कड अशी आडवी का येते, तर ही गोळी या कामासाठी जन्मलीच नव्हती. लाँग रायफल ही अमेरिकेत १८८७ ची, स्टीव्हन्स कंपनीची, त्या काळी एकेक हातानं भरायची. तिची आजी, .२२ शॉर्ट, स्मिथ अँड वेसननं १८५७ ला आणली. १८५७ म्हटलं की आपल्याकडं काडतूस आणि चरबी एवढंच शाळेत शिकवलेलं असतं. त्या ३१ जुलैला आपल्या कोल्हापुरात २७ व्या पलटणीनं उठाव केला होता, आणि त्याच वर्षी तिकडं ही बारकी काडतुसं विकायला आली. योगायोग बघा, या गोळीलाही चिकट लेप असतोच, मेणाचा. शिसं नळीत घासू नये म्हणून. ते मेण, शिशाची भुकटी आणि जळकी दारू मिळून गोळीच्या घराच्या कडेला जो चिकट काळा थर बसतो तो पाहिल्यावर मला आमच्या स्वयंपाकघरातली चिमणी आठवली. स्वस्त गोळीत तो जास्त, हे माझं निरीक्षण. जाड थर बसला की गोळी पूर्ण आत जात नाही, बोल्ट नीट मिटत नाही, टोच्याचा ठोका हलका पडतो. म्हणजे पुन्हा टिक. मी साफ करायला घेतलं तर इतकं तेल घातलं की ते गोळ्यांवर ओघळलं. "ताई, भजी तळायची नाहीत," सर म्हणाले. तेल आतल्या लेपापर्यंत पोचलं तर चांगली गोळीही मरते. शिवाय घासून लख्ख केलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या कुठंही जातात, मेणाचा पातळ हात लागेपर्यंत. आणि हात साबणानं धुवायचे, शिसं आहे; रेंजवर डबा खायचा नाही. मी शेंगदाण्याची पुडी घेऊन गेले होते, ती तशीच परत आणली.

रिकामं पिस्तूल चापून सराव करायचाही एक घोटाळा मी केला. मध्ये टोचणाऱ्या बंदुकीत चालतं. कडपेटीत गोळी नसली तर टोच्या थेट घराच्या पोलादी काठावर आपटू शकतो, तिथं खाच पडते, मग पुंगळी निघायला कुरकुर करते. सरांनी खिशातून भिंतीत स्क्रू मारताना घालतो ती पिवळी प्लास्टिकची गिट्टी काढली आणि गोळीच्या जागी बसवली. टोच्याला मऊ काहीतरी मिळालं. उद्यमनगरातल्या हार्डवेअरच्या दुकानातून मी शंभर गिट्ट्या घेतल्या. दुकानदारानं विचारलं, "फर्निचर काढलंय?" मी हो म्हणाले.

पावसाळा अजून होताच. या गोळीचं शिसं मागच्या बाजूला बारीक करून पुंगळीत नुसतं बसवलेलं असतं, घट्ट बंदोबस्त नसतो. क्लबातल्या कपाटात सरांनी ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्यात. मी एकदा उरलेल्या दहा गोळ्या सुटीत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून चहाला गेले. तासाभरानं आले तर झिमझिम आत आलेली. त्या दहा गोळ्या सरांनी वेगळ्या काढून बाजूला ठेवल्या आणि वहीत माझ्या नावापुढं लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

मग ते घडलं, जे खरं म्हणजे मला पहिल्याच दिवशी सुचायला पाहिजे होतं. मी सरांना म्हणाले, क्लबनं ही स्वस्त गोळी ठेवायचीच कशाला? सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या प्रेसमध्ये पाटी आहे ना, मी पत्रिका टाकायला आलो तेव्हा वाचली." पाटी आहे. 'गिऱ्हाईकानं स्वतः आणलेल्या कागदाची जबाबदारी आमची नाही.' गेली एकोणीस वर्षं मी लोकांना सांगते की स्वस्त कागद कापायला वाकडा असतो, जाडीला कमीजास्त असतो, पावसात लहरतो, दोन-दोन चिकटून जातात, आणि मग लोक मशीनला शिव्या देतात. तोच कागद स्वतःच्या पाकिटातून घ्यायची वेळ आली तेव्हा मी तो घेतला होता, आणि पाच महिने मशीनला शिव्या दिल्या होत्या. गोळीचा ठोक पुडा पाचशेचा असतो, त्याला ही पोरं 'वीट' म्हणतात. रीमही पाचशेची. मामांना हे सांगितलं तर ते इतके हसले की चहाचा कप फीडरवर पडला. मशीन तासभर बंद.

स्वस्त वाईट, एवढ्यावर मी थांबत नाही, कारण ते खरं नाही. इंग्लंडातली एली ही गोळ्यांची कंपनी १८२८ पासून आहे, जर्मनीत शोनेबेकला लापुआ या दुसऱ्या कंपनीचं चाचणी केंद्र आहे, तिथं नेमबाज आपली बंदूक घेऊन जाऊन वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि आवडलेला लॉट विकत घेतात. म्हणजे महागातल्या महाग गोळीचाही प्रत्येक लॉट प्रत्येक नळीला मानवत नाही. उलट, आमच्या क्लबात एका मुलीच्या पिस्तुलाला साधी गोळी इतकी मानवते की तिचं महिनोन् महिने काही अडत नाही. भाव ही एक खूण झाली, फैसला नव्हे. लॉट बघायचा, आपल्या पिस्तुलात दोनशे मारायच्या, वहीत लिहायचं. कागदाच्या बाबतीत मी हेच करते, फक्त त्याला कुणी खेळ म्हणत नाही.

डिसेंबरात क्लबची अंतर्गत स्पर्धा होती. नियम मी पाठ केले होते, कारण सरावात एकदा अडकल्याबरोबर सवयीनं बोल्ट ओढून मोकळी झाले होते आणि कळलं होतं, स्पर्धेत असा हात लावला की दाद नाही. गोळी न पेटणं, पुंगळी अडकणं हा मान्य बिघाड. पण नेमबाजानं स्वतः बोल्टला हात लावला, मॅगझिन नीट बसवली नाही, गोळ्या कमी भरल्या, तर दोष त्याचा. म्हणून नळी समोर, बोट चापाबाहेर, मोकळा हात वर, पंचांची वाट. आरशासमोर सराव केला. महाग डबी घेतली, पाच-पाच गोळ्यांच्या मॅगझिन कडा बघून भरल्या. पहिला टप्पा पार पडला, गुण सांगत नाही. दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद वळून राहतं, दर वेळी एकच गोळी, अशी पाच वेळा. दुसरी मालिका. एक, दोन, तीन, चार. पाचव्यांदा लक्ष्य वळलं, मी चाप दाबला, काहीच नाही. बोल्ट मागंच अडकलेला. महाग गोळी, आणि तरी! मनात समाधानच वाटलं म्हणा ना. नळी समोर. बोट बाहेर. डावा हात सरळ वर. पोरं बघत होती. पंच आले, वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, "काकू, मॅगझिन रिकामी झाली की बोल्ट मागंच थांबतो."

पाचवी गोळी टेबलावर होती. शून्य लिहिलं.